पांढरा सदरा, पिवळा सदरा

ब्राझीलची पिवळी जर्सी ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही (आमच्या घरात असे तिघं आहेत, नावं सांगत नाही!) त्यांनाही तो पिवळा रंग, हिरवी कॉलर आणि निळी चड्डी दिसली की 'ब्राझील' एवढं नक्की कळतं. पण ही जर्सी १९५३ साली एका अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने कागदावर रंगवली, आणि त्या पोराचा जीव स्वतःच्या देशापेक्षा शेजारच्या उरुग्वेच्या संघात जास्त अडकलेला होता, हे मला कळलं ते सत्तरी ओलांडल्यावर. कळल्यापासून ही गोष्ट डोक्यातून जाईना. म्हटलं, आपल्या मंडळींना सांगून टाकावी.

(नावांचे उच्चार गोव्यातल्या एका जुन्या स्नेह्याला विचारून लिहिलेत. त्याने लहानपणी शाळेत पोर्तुगीज गिरवली आहे. तरीही चुकले असतील तर खापर माझ्यावर फोडा, त्याच्यावर नको.)

तर आधी पांढऱ्या सदऱ्याची गोष्ट. १९५०पर्यंत ब्राझीलचा संघ पांढरा सदरा, निळी कॉलर आणि पांढरी चड्डी अशा वेशात खेळायचा. त्या साली विश्वचषक ब्राझीलमध्येच भरला. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ आणि १९४६च्या स्पर्धा झाल्याच नव्हत्या, म्हणजे बारा वर्षांनी जग पुन्हा फुटबॉल खेळायला जमत होतं. यजमानांनी त्यासाठी रिओ शहरात माराकाना नावाचं अवाढव्य मैदान बांधलं. त्या वर्षी शेवटी नेहमीसारखा अंतिम सामना नव्हता. ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन हे चार संघ एकमेकांशी खेळणार आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता, अशी पद्धत होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं अक्षरशः लोळवलं. १६ जुलैला उरुग्वेशी शेवटचा सामना, आणि त्यात नुसती बरोबरी झाली असती तरी चषक ब्राझीलचाच.

मग काय विचारता! सामन्याआधीच एका वर्तमानपत्राने संघाचा फोटो 'हे पाहा जगज्जेते' म्हणून छापला. शहराच्या महापौरांनी मैदानात भाषण ठोकून खेळाडूंना विजेते म्हणून जाहीरच केलं. तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते १,७३,८५०, आणि बिनतिकिटाचे धरले तर आकडा दोन लाखांच्या घरात जातो असं म्हणतात. (एखाद्या तालुक्याची अख्खी वस्ती एका मैदानात बसवा, म्हणजे अंदाज येईल.)

उत्तरार्ध सुरू होताच फ्रिआसाने ब्राझीलचा गोल केला. ६६व्या मिनिटाला उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी साधली. तरीही चषक ब्राझीलकडेच होता. मग ७९व्या मिनिटाला उजव्या बाजूने गिज्जा चेंडू घेऊन आत शिरला. पहिल्या गोलच्या वेळी त्याने तिथूनच मध्ये पास दिला होता. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा याला वाटलं, आताही तेच करणार, म्हणून तो एक पाऊल पुढे सरकला. गिज्जाने पास न देता सरळ गोलमध्ये मारला, बार्बोसा आणि जवळच्या खांबाच्या मधल्या फटीतून. २-१. पुढे गिज्जा गमतीने सांगायचा की माराकानाला गप्प करणारी माणसं तीनच, पोप, फ्रँक सिनात्रा आणि मी.

फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे सोन्याचा चषक हातात घेऊन गर्दीत एकटेच उभे राहिले. समारंभ सगळा ब्राझीलसाठी आखलेला, तो कोलमडला. शेवटी उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला दिसला तेव्हा त्याच्या हातात त्यांनी चषक जवळजवळ कोंबला. हा व्हारेलाही अजब माणूस. विजयाची मेजवानी टाकून तो त्या रात्री रिओच्या दारूच्या गुत्त्यांतून फिरला आणि रडणाऱ्या ब्राझीलच्या माणसांबरोबरच पीत बसला.

जाता जाता एक सांगतो. त्याच स्पर्धेत आपला भारतही खेळणार होता! इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नाव लागलेलं होतं. आपण ऐनवेळी माघार घेतली. अनवाणी खेळायला परवानगी दिली नाही म्हणून गेलो नाही, ही दंतकथा मीसुद्धा वर्गात पोरांना सांगत आलोय. खरी कारणं जास्त रुक्ष होती. बोटीचा लांबचा प्रवास, सरावाला वेळ नाही, संघनिवडीवरून कुरबुरी, आणि मुख्य म्हणजे आपल्या मंडळींना तेव्हा ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचं मोलच वाटत नव्हतं. असो.

हरल्यावर दोषी शोधणं आलंच. दोषी सापडले दोन प्रकारचे, काही माणसं आणि एक सदरा. माणसांचं पुढे बघू. सदऱ्यावर आरोप असा की पांढऱ्या रंगात देशाचं काही नाही, त्यात जीव नाही, त्याने खेळाडूच्या अंगात वीरश्री येत नाही. आता गंमत बघा. याच पांढऱ्या वेशात ब्राझीलने १९१९, १९२२ आणि १९४९ साली दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवलं होतं. स्वीडनला सात आणि स्पेनला सहा गोल ठोकले तेव्हाही अंगात पांढरंच होतं. इतकंच काय, पराभवानंतरही १९५२मध्ये चिलीत झालेल्या एका मोठ्या स्पर्धेत त्यांनी पांढऱ्याच सदऱ्यात उरुग्वेला ४-२ हरवून बाजी मारली. म्हणजे सदऱ्याची बाजू कोर्टात उभी केली असती तर तो निर्दोष सुटला असता. पण कोर्टात जायला वेळ कुणाला होता!

हे वाचताना मला आमच्या नोकरीतलं एक प्रकरण आठवत राहिलं. एका शाळेत (नाव जाऊ द्या) एका वर्षी दहावीचा निकाल फार घसरला. व्यवस्थापनाच्या बैठकीत तासभर चर्चा होऊन ठराव काय झाला, तर गणवेशाचा रंग बदलायचा! जुन्या रंगात मुलं मरगळलेली दिसतात म्हणे. पालकांना नव्या कापडाचा भुर्दंड पडला, पण ते एका वर्षात विसरले. गणिताच्या सरांना मात्र कुणी विसरलं नाही. त्यांचे दहावीचे वर्ग काढून घेतले आणि निवृत्तीपर्यंत पाचवी-सहावीच दिली. गणवेश बदलता येतो, तसा माणूस धुऊन नवा करून मिळत नाही ना.

आता पिवळ्या सदऱ्याकडे येतो. १९५३ साली रिओच्या 'कोरेयो दा मान्या' या वर्तमानपत्राने फुटबॉल महासंघाच्या संमतीने एक स्पर्धा जाहीर केली. राष्ट्रीय संघासाठी नवा वेश काढून पाठवा. अट एकच, ध्वजातले चारही रंग त्यात आले पाहिजेत. पिवळा, हिरवा, निळा आणि पांढरा.

ऐकायला सोपं वाटतं. एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसून बघा! दोन रंग जुळवता येतात, तीनही एक वेळ जमतात. चार रंग सारख्या वजनाने अंगावर घातले की माणूस सर्कशीतला विदूषक दिसायला लागतो. देशाच्या पार दक्षिण टोकाला, पेलोटास गावात राहून वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढणारा आल्दिर गार्सिया श्ली हा पोरगा असाच डोकं धरून बसला. त्याने एकामागून एक असंख्य नमुने काढले. पट्टे करून पाहिले, तिरके पट्टे करून पाहिले. शेवटी त्याच्या लक्षात आलं की चारही रंग सदऱ्यावर कोंबायची अट कुणी घातलेलीच नाही, वेश म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळा. मग त्याने सदरा पिवळा केला, कॉलर आणि बाहीच्या कडा हिरव्या. चड्डी निळी, तिच्या बाजूने पांढरी पट्टी. मोजे पांढरे. झालं! शेकडो चित्रांतून हेच निवडलं गेलं. बक्षीस म्हणून रोख रक्कम मिळाली आणि त्याच वर्तमानपत्रात रिओला कामही.

या रंगांमागे आणखी एक थर आहे, तो इतिहासाच्या मास्तराला सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्राझीलमधल्या शाळेत पोरांना शिकवतात की हिरवा म्हणजे जंगल आणि पिवळा म्हणजे सोनं. पण १८२२ साली पोर्तुगालपासून वेगळं होऊन साम्राज्य स्थापन झालं, तेव्हा हिरवा हा सम्राट पेद्रोच्या ब्रागांझा घराण्याचा रंग होता आणि पिवळा त्याच्या राणीच्या, ऑस्ट्रियाच्या लिओपोल्दिनाच्या माहेरचा. १८८९मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. रंग तेच ठेवले, अर्थ बदलून घेतला! मधल्या निळ्या गोलात १५ नोव्हेंबर १८८९च्या सकाळचं रिओवरचं आकाश ताऱ्यांसकट काढलं. ही १५ नोव्हेंबर तारीख जरा लक्षात ठेवा.

श्लीचा जन्म १९३४चा, जाग्वाराव या गावातला. गावाशेजारून त्याच नावाची नदी वाहते आणि नदीवरचा पूल ओलांडला की उरुग्वे देश. आपल्याकडे चंदगड-बेळगाव पट्ट्यातल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. सीमा नकाशावर असते, बाजारहाट, सोयरीक, भाषा सगळं दोन्हीकडचं. श्ली घरात पोर्तुगीज बोलायचा आणि पलीकडची स्पॅनिशही तितक्याच सहज. १९५०च्या त्या १६ जुलैला पंधरा वर्षांचा श्ली पलीकडे उरुग्वेत सिनेमा बघत होता. मध्येच सिनेमा थांबला, दिवे लागले आणि उरुग्वे जगज्जेता झाल्याची घोषणा झाली. लोक उभे राहून राष्ट्रगीत म्हणू लागले. त्या गर्दीत हा ब्राझीलचा पोरगा होता, आणि त्याला वाईट वाटण्याऐवजी भरून आलं. आयुष्यभर तो उरुग्वेच्या बाजूचा राहिला आणि ते त्याने कधी लपवलं नाही.

ज्या पराभवावर उतारा म्हणून ही जर्सी हवी होती, त्या पराभवाचा आनंद झालेल्या माणसाने ती काढली! कथेत असं काही लिहिलं असतं तर संपादकाने 'योगायोग फार ताणलाय' म्हणून साभार परत पाठवली असती.

मार्च १९५४मध्ये माराकानावर चिलीविरुद्ध ब्राझीलचा संघ पिवळ्या वेशात उतरला आणि १-० जिंकला. एका रेडिओ निवेदकाने संघाला 'कॅनरी' हे लाडाचं नाव दिलं, ते चिकटलं ते चिकटलंच. पण नवा सदरा आला म्हणून नशीब लगेच पालटलं असं समजू नका. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या विश्वचषकात हंगेरीने त्यांना ४-२ असं घरी पाठवलं, वर मैदानात आणि नंतर खोल्यांपर्यंत यथेच्छ मारामारी झाली. तेव्हा पिवळ्या रंगाला कुणी बोल लावला नाही, हे नशीब.

आणि मग १९५८, स्वीडन. इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटते. ब्राझील पहिल्यांदा पिवळ्या वेशात अंतिम सामन्याला पोचला, आणि समोर यजमान स्वीडन. त्यांचाही सदरा पिवळाच! दोघांपैकी एकाला बदलणं भाग होतं, चिठ्ठ्या टाकल्या, ब्राझील हरला. दुसरा वेश त्यांनी बरोबर आणलेलाच नव्हता. पांढऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती, आठ वर्षांपूर्वीची जखम ओलीच होती. खेळाडू खचले. अपशकुन झाला म्हणून सगळे तोंड पाडून बसले. तेव्हा पथकाचे प्रमुख पाउलो माशादो दि कार्व्हाल्यो आत आले आणि म्हणाले, चिंता कसली करता, आपण निळ्या रंगात खेळणार, आपल्या आपारेसिदा मातेच्या शालूचा रंग निळाच आहे!

ही आपारेसिदा माता म्हणजे ब्राझीलचं कुलदैवतच म्हणा. १७१७ साली कोळ्यांच्या जाळ्यात नदीतून एक लहानशी मातीची मूर्ती वर आली. वर्ण आपल्या विठोबासारखा सावळा, अंगावर निळी शाल. तिचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार! स्टॉकहोमच्या दुकानातून निळे सदरे विकत आणले. पिवळ्या सदऱ्यांवरचे आकडे आणि बिल्ले उसवून काढले आणि घाईघाईने निळ्यांवर टाचले. २९ जूनला त्या टाचलेल्या सदऱ्यांत ब्राझील ५-२ जिंकला. सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले. म्हणजे पिवळ्या जर्सीच्या देशाने पहिला विश्वचषक उचलला तो निळ्या जर्सीत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९६२ला चिलीत पुन्हा विजय. १९७०ला मेक्सिकोत इटलीला ४-१. त्या वर्षी विश्वचषक पहिल्यांदाच रंगीत टीव्हीवर दिसला, आणि माझ्या मते पिवळ्या जर्सीला जगभर जे वलय आलं त्यात पेलेइतकाच रंगीत टीव्हीचाही हात आहे. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ती एक फिकट करडी बनियन होती हो! आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं १९८२ला. मी ती जर्सी तिच्या खऱ्या रंगात पाहिली १९८६ साली, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, मध्यरात्री, आणि फ्रान्सने पेनल्टींवर हरवलं तेव्हा अख्खी खोली सुतकात. ब्राझीलशी आमचं काय नातं, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही. कोल्हापूरकडच्या वाचकांना तर तो पडणारच नाही, तिथे विश्वचषकात अर्धी पेठ ब्राझीलची आणि अर्धी अर्जेंटिनाची असते. १९९४ आणि २००२ धरून या जर्सीच्या खात्यावर एकूण पाच विश्वचषक झाले. अथलेटा, टॉपर, अंब्रो, नायके असे शिवणारे बदलत गेले. १९८२च्या बिल्ल्यावर तर कॉफीची फांदीही होती, कॉफी मंडळाची जाहिरात! कापड हलकं झालं, किंमत जड झाली.

पण देशाचा रंग अंगावर घातला की तो देशातले सगळेच ओढतात. १९६४ ते १९८५ ब्राझीलवर लष्कराची सत्ता होती. १९७०चा विजय जनरल मेदिसीच्या सरकारने आपलाच असल्यासारखा मिरवला. याच राजवटीत श्लीला तुरुंगातही जावं लागलं. म्हणजे संघ त्याची जर्सी घालून जग जिंकत होता, सरकार त्या जर्सीबरोबर फोटो काढून घेत होतं, आणि ती काढणाऱ्याला गजाआड टाकत होतं. पुढे १९८४ला, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा या मागणीसाठी लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी आंदोलनाचा रंग कोणता घेतला? पिवळा! संघाचा कर्णधार सॉक्रेटिस (हा डॉक्टरही होता बरं का) याने सभेत जाहीर केलं की ही घटनादुरुस्ती झाली तर मी इटलीला खेळायला जाणार नाही. एप्रिलमध्ये ती संसदेत पडली, आणि तो इटलीला गेला.

२०१५-१६पासून पुन्हा वेगळंच. राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्या विरोधातले मोर्चे पिवळ्या जर्सीत निघाले, नंतर बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी तिला आपला गणवेशच केलं. ८ जानेवारी २०२३ला राजधानीत संसद आणि सर्वोच्च न्यायालयात घुसून मोडतोड करणाऱ्या जमावातही ही जर्सी भरपूर दिसली. अनेकांना ती रस्त्यावर घालायचा संकोच वाटू लागला. मधल्या काळात, २०२०मध्ये, एकाने मोहीमच काढली की आता पुन्हा पांढऱ्याकडे चला! मला यात कोणाची बाजू घ्यायची नाही, तिथलं राजकारण तिथल्यांना ठाऊक. पण एखाद्या म्हाताऱ्याने हौसेने घेतलेली जर्सी निवडणुकीच्या धास्तीने कपाटात घडी घालून ठेवायची, हे काही बरं वाटत नाही.

बार्बोसाचं राहिलं. १९५०च्या पराभवाचा दोष जुवेनाल, बिगोड आणि बार्बोसा या तिघांवर मुख्यतः आला, आणि तिघेही कृष्णवर्णीय होते. बार्बोसा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांत मोडत होता आणि वास्को द गामा क्लबकडून पुढेही वर्षानुवर्षं खेळला. राष्ट्रीय संघात मात्र त्याला त्यानंतर जेमतेम एक सामना मिळाला. वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितलं, की याने सगळ्या ब्राझीलला रडवलं. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या सरावाला खेळाडूंना भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हातारपणी तो म्हणायचा की या देशात मोठ्यात मोठ्या गुन्ह्याला तीस वर्षांची शिक्षा आहे, मी न केलेल्या गुन्ह्याची पन्नास वर्षं भोगतोय. एप्रिल २०००मध्ये तो गेला. त्याच्यामागे कृष्णवर्णीय गोलरक्षकांबद्दलचा संशय तिथे रेंगाळतच राहिला. २००६च्या विश्वचषकात दिदा मुख्य गोलरक्षक म्हणून उभा राहिला तेव्हा लोकांना पुन्हा बार्बोसा आठवला.

२०१४मध्ये, पुन्हा आपल्याच देशात भरलेल्या विश्वचषकात, जर्मनीने ब्राझीलला उपांत्य सामन्यात ७-१ हरवलं. पिवळ्या जर्सीत. या वेळी जर्सी बदला असं काही कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा बार्बोसाच्या नावाने हळहळणारे बरेच निघाले, पण तो जाऊन चौदा वर्षं झाली होती. आणि पांढऱ्या सदऱ्याचं सांगायचं तर १९१९च्या विजयाची शताब्दी म्हणून २०१९च्या कोपा अमेरिकेचा पहिला सामना ब्राझील पांढऱ्या वेशात खेळला, बोलिव्हियाला ३-० हरवलं, आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. सदऱ्याला माफी मिळायला एकोणसत्तर वर्षं लागली म्हणायची.

श्ली पुढे पेलोटासच्या विद्यापीठात कायदा शिकवू लागला आणि सीमेवरच्या माणसांच्या कथा लिहू लागला, काही पोर्तुगीजमधून, काही स्पॅनिशमधून. जर्सीपेक्षा आपल्या कथा वाचा, असं त्याला वाटत असणार. (कुठल्या लेखकाला वाटत नाही!) १५ नोव्हेंबर २०१८ला तो वारला. त्या ध्वजावर ज्या दिवसाचं आकाश आहे, तोच दिवस. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये एक मैत्रीपूर्ण सामना आधीपासून ठरलेला होता, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. दोन्ही संघ त्याच्यासाठी मिनिटभर स्तब्ध उभे राहिले. मग नेमारने पेनल्टीवर गोल केला आणि ब्राझील १-० जिंकला.